कोयनेचं पाणी आणि आपण गलाईवाले



हे रेकॉर्डिंग पुढं कुठं कुठं बघितलं जाणार आहे, म्हणून बाहेरच्यांसाठी आधी सांगते. आपण जयपूरच्या चारदीवारीत आहोत. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं हे जुनं शहर. खाली जो आवाज येतोय तो जौहरी बाजाराचा, आणि मधूनच जो तिखट वास येतोय तो तेजाबाचा. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना त्याची इतकी सवय आहे की तो येतोय हे मी सांगितल्यावरच त्यांच्या लक्षात आलं असेल.

मी वीज खात्यातली बाई. इलेक्ट्रिकल इंजिनियर, आणि नोकरीतली बरीच वर्षं लोड डिस्पॅच सेंटरमध्ये गेली. राज्यात आत्ता, या मिनिटाला किती वीज लागते आणि ती कुठून आणायची, हे जिथं बसून ठरवतात ती ही जागा. आमचे अण्णा मात्र गलाईवाले. सोनं-चांदी गाळायची, मुशीत वितळवायची, टंच काढून द्यायचा. खानापूर तालुक्यातून आले आणि इथंच राहिले. घरात मराठी, गल्लीत ढूंढाडी, शाळेत हिंदी, असं आमचं वाढणं झालं.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून काही जण म्हणाले, ताई, जयपुरात बसून कोयनेचं काय काढलंत? सांगते. इथं विट्याचे किती जण आहेत? हात वर करा. आटपाडी? खानापूर? तासगाव, कवठेमहांकाळ? माण, खटाव? बघा. हे हात अमृतसरला वर होतील, कोचीला होतील, दिल्लीच्या सराफ्यात होतील. गेल्या शंभर वर्षांत या पाच-सात तालुक्यांतली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली. हौस म्हणून कुणी गेलं नाही. शेतात पाणी नव्हतं. आणि आपल्या गावांपासून सरळ रेषेत फार तर सव्वाशे किलोमीटरवर, नवजा-कोयनानगरला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आटपाडीत पाचशे पडला तर लोक देवाला नारळ देतात.

तेव्हा कोयना हा आपल्याच घरचा विषय आहे.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्री उत्तर-दक्षिण उभा आहे. त्याची पश्चिमेची बाजू कापल्यासारखी सरळ, खाली कोकण. पूर्वेची बाजू उताराची. त्यामुळं डोंगरमाथ्यावर पडलेलं बहुतेक पाणी समुद्राकडं पाठ फिरवून पूर्वेला निघतं आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना! कोयना महाबळेश्वरात उगम पावते. कृष्णाही तिथलीच. पण कोयना डोंगराच्या कडेकडेनं दक्षिणेला धावते, साठेक किलोमीटर, मग हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तो प्रीतिसंगम. समोरासमोर येऊन मिळणाऱ्या नद्या फार थोड्या, त्यातल्या या.

या कडेकडेनं धावण्यातच सगळी गोम आहे. नदी माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशेच्या वर मीटर. आणि डोंगराच्या पलीकडं, अगदी थोड्या किलोमीटरवर, कोकणची जमीन. मध्ये फक्त दगडाची भिंत. त्या भिंतीला भोक पाडलं तर?

हा विचार कोयनेच्या आधी टाटांनी केला होता. लोणावळ्याच्या वरची तळी, वळवण, शिरवटा, यांचं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीत १९१५ मध्ये वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना गेली. मग १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. भिऱ्याला पाणी देण्यासाठी मुळशीचं धरण झालं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी, आणि त्यांच्या नावामागं सेनापती लागलं ते याच लढ्यामुळं. पन्नासेक गावांच्या जमिनीचा प्रश्न होता. लढा हरला, धरण झालं. जगातल्या धरणविरोधी लढ्यांत मुळशीचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं. मी हे एवढ्यासाठी सांगते की पूर्वेचं पाणी पश्चिमेला वळवण्यावरून महाराष्ट्रात भांडण झालं ते आजचं नाही.

आता कोयना. धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं, १९६२ ला पहिली वीज, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत धरण पुरं झालं. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर. मागचा जलाशय म्हणजे शिवसागर, क्षमता १०५ टीएमसी. टीएमसी हा शब्द आपल्याकडं पेपरात रोज येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर.

धरणाच्या भिंतीजवळ मोठी वीज तयार होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथं पायथ्याला ४० मेगावॉटचं छोटं वीजघर आहे. पूर्वेला शेतीसाठी पाणी सोडतात ते त्यातून जातं. खरा कारखाना मागच्या बाजूला. नवज्याजवळ जलाशयातून पाणी बोगद्यात शिरतं, डोंगराच्या पोटातून साडेतीन किलोमीटरहून जास्त जातं, आणि मग उभ्या उतारानं खाली पोफळीला, जमिनीखालच्या वीजघरात. तिथं पेल्टन टर्बाइन आहेत. चाकाच्या कडेला वाट्या लावलेल्या, आणि त्या वाट्यांवर बारीक तोंडातून पाण्याचा मारा. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची मिळून आठ यंत्रं, ६०० मेगावॉट. बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली कोळकेवाडीला दुसरं धरण बांधलं. तिथून तेच पाणी पुन्हा शंभरेक मीटर खाली सोडलं. हा तिसरा टप्पा, १९७० च्या दशकातला, ३२० मेगावॉट. मग कालव्यानं ते चिपळूणजवळ वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठी अरबी समुद्रात.

राजस्थानात राहणाऱ्यांनी हे चंबळवर बघितलेलं आहे. गांधीसागर, मग रावतभाट्याचं राणा प्रताप सागर, मग जवाहर सागर, शेवटी कोटा बॅरेज. एकच पाणी तीन ठिकाणी चाक फिरवतं. तिघांची मिळून ३८६ मेगावॉट, निम्मी मध्य प्रदेशची, निम्मी आपली. पण चंबळ आपल्या वाटेनंच खाली उतरते. तिला कुणी डोंगराच्या पलीकडं नेलेलं नाही. कोयनेचं पाणी खोरं सोडून जातं. शिवसागरातून नवज्याच्या बोगद्यात शिरलेला थेंब कृष्णेला पुन्हा कधी दिसत नाही.

किती वीज मिळते त्या थेंबापासून? हिशोब सोपा आहे, चारदीवारीतल्या कुणालाही तोंडी जमेल. शिवसागरापासून वाशिष्ठीपर्यंत एकूण उतार सहाशे मीटरच्या जवळपास. एक हजार लिटर पाणी सहाशे मीटर खाली आलं की, यंत्रातली आणि बोगद्यातली गळती धरून, सव्वा ते दीड युनिट वीज. उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी पाच हजार लिटरचा टँकर उभा राहतो ना आपल्या? तो भरून पाणी कोयनेवरून खाली सोडलं तर सात युनिटांच्या आसपास. दीड टनाचा एसी चार-पाच तास चालेल. एवढंच! लोक म्हणतात पाण्यापासून फुकट वीज. फुकट वगैरे काही नाही. फार पाणी लागतं.

मग पाण्यात असं काय आहे? वेळ आहे. हे माझ्या नोकरीचं क्षेत्र, म्हणून इथं जरा थांबते.

वीज साठवता येत नाही, निदान मोठ्या प्रमाणावर आत्ता-आत्तापर्यंत येत नव्हती. तुम्ही बटण दाबलं की त्याच क्षणी कुठंतरी तेवढी जास्त तयार व्हावी लागते. आपल्या देशाचं ग्रिड ५० हर्ट्झवर चालतं. मागणी वाढली की ते आकडे खाली सरकतात, मागणी कमी झाली की वर. नियमानं ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये राहायचं. आमच्या खोलीत भिंतीवर तो आकडा मोठ्या लाल अक्षरांत असायचा, आणि आम्ही बोलताना माणसाकडं न बघता त्याच्याकडं बघायचो. नवीन सुनांना हे विचित्र वाटावं तसं नवीन पोरांना वाटायचं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला तो आकडा हाताबाहेर गेला आणि उत्तर भारत दोनदा अंधारात गेला. तुम्हाला आठवत असेल.

कोळशाचं यंत्र थंड पडलं की सुरू व्हायला तासन् तास घेतं. मोठी चूल आहे ती, पेटायला वेळ, विझायला वेळ. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत पूर्ण जोरात येतं आणि काही मिनिटांत थांबतं. ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री ९ वाजता, ९ मिनिटं, दिवे बंद करायचे होते. चारदीवारीच्या सगळ्या गच्च्यांवर पणत्या. दिसायला फार सुंदर होतं म्हणतात. आम्हा ग्रिडच्या माणसांना त्या रात्री सुंदर काही सुचत नव्हतं. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटनं कोसळली आणि लगेच परत चढली. ते सांभाळलं मुख्यतः देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी. आधी यंत्रं जोरात चालवून ठेवली, मागणी पडू लागली तशी आवरती घेतली, मग पुन्हा उचलली.

कोयनेचा चौथा टप्पा याच कामासाठी आहे. हजार मेगावॉट, अडीचशेची चार यंत्रं. हा टप्पा केला तेव्हा नवीन पाणी मिळालेलं नव्हतं. पाणी तेच, तोटी मोठी केली. दिवसभर थोडं थोडं सोडण्याऐवजी संध्याकाळी सगळी मुंबई, सगळं पुणे दिवे लावतं तेव्हा एकदम सोडायचं. चौथा टप्पा पूर्ण जोरात असला की दर सेकंदाला आपले चाळीसहून जास्त टँकर रिकामे होतात. त्याचं पाणीही कोळकेवाडीतच उतरतं, म्हणजे चारही टप्पे एकमेकांना बांधलेले. खालचं तळं भरलं तर वरच्याला थांबावं लागतं. पायथ्याचं धरून सगळी क्षमता १,९६० मेगावॉट.

या चौथ्या टप्प्याला पाणी घ्यायचं तर धरण रिकामं करून चालणार नव्हतं. मग खालून बोगदा खणत खणत तळ्याच्या तळाशी आणला, शेवटचा थोडा खडक ठेवला, आणि १३ मार्च १९९९ ला तो सुरुंगानं उडवला. वर तळं भरलेलं, खालून तळाला भोक! लेक टॅपिंग म्हणतात त्याला, मूळ नॉर्वेकडचं तंत्र. आशियात पहिल्यांदा झालं ते कोयनेला. २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा केलं, पाण्याची पातळी उतरल्यावरही वीज काढता यावी म्हणून. इंजिनियर म्हणून मला विचाराल तर महाराष्ट्रात झालेल्या कामांत याच्या तोडीचं फार थोडं आहे.

पण पाटणच्या माणसाला विचारा. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, साडेसहा रिश्टरच्या आसपास. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि ती नंतर जाड करावी लागली. धरणाच्या पाण्याशी जोडला गेलेला हा जगातला सर्वांत मोठा भूकंप मानतात. आजही तिथं जमीन हलते, आणि ती का हलते हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. धरणात ज्यांची गावं गेली ती माणसं सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडला विखुरली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या जमिनीचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही सुटला नव्हता. २०१८ मध्ये त्यांचे वारस डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. आपण गाव सोडलं ते पाणी नाही म्हणून, त्यांनी सोडलं ते पाणी आलं म्हणून.

आता मूळ भांडणाकडं येते.

कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र भांडत होते. बच्छावत लवादानं निवाडा दिला १९७३ मध्ये, तो राजपत्रात आला १९७६ मध्ये. त्यात कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली, वर्षाला ६७.५ टीएमसी. मोजणीचं वर्ष १ जूनला सुरू होतं. तांत्रिक वर्ष म्हणतात त्याला. म्हणजे शिवसागर काठोकाठ भरला तर त्यातलं जवळपास दोन तृतीयांश पाणी वीज करून अरबी समुद्रात, उरलेलं पूर्वेला.

आणि पूर्वेला कोण? कराडच्या खाली टेंभूला कृष्णेवर बंधारा आहे. तिथून पाणी पंपानं उचलतात, टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पार सांगोल्यापर्यंत नेतात. मूळ योजना २२ टीएमसीची, ८० हजार हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट होतं. ही योजना काही सरकारला स्वप्न पडून झालेली नाही. आटपाडीत १९९३ पासून पाणी परिषदा भरल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी होते, पाटणकर होते, शेतकरी भाकरी बांधून यायचे. मागणी नुसती पाणी द्या अशी नव्हती. प्रत्येक कुटुंबाला समान पाणी द्या, जमीन किती आहे ते बघू नका, अशी होती. भूमिहीनालाही. सुट्टीत गावी गेलं की आमच्या घरी तेवढंच बोलणं. अण्णा जयपुरातून पैसे पाठवायचे, परिषदेच्या ट्रॅक्टरच्या डिझेलला.

२२ आणि ६७.५ हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. पश्चिमेला जाणाऱ्या पाण्यात तीन टेंभू मावतात.

इथं आपली माणसं लगेच म्हणतात, बंद करा ती वीज, पाणी द्या. मी वीज खात्यातली, मला तेवढं सोपं दिसत नाही. पाणी शंभर मीटर वर चढवायचं तर हजार लिटरला एक तृतीयांश युनिट लागतं. समजा तीनशे मीटर चढवलं, तर एक युनिट. म्हणजे जे हजार लिटर पश्चिमेला सोडलं असतं तर सव्वा-दीड युनिट देऊन गेलं असतं, ते पूर्वेला नेलं की उलट एक युनिट खातं. दोन्ही मिळून फरक अडीच युनिटांच्या घरात. टेंभू, ताकारी, म्हैसाळचं वीजबिल थकून पंप बंद पडायचे ते दिवस खानापूर-आटपाडीकर विसरलेले नाहीत. म्हणून तर पुढं ८१ टक्के बिल सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं, असं ठरलं. जयपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. रामगढचं धरण आटलं, त्यात १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या नौका चालल्या होत्या, आणि आज आपण बीसलपूरचं पाणी पितो, शंभरहून जास्त किलोमीटरवरून पंपानं आणलेलं. छोट्या चौपडीला आणि बड्या चौपडीला मेट्रोच्या खोदकामात जुनी कुंडं सापडली, त्यात पाणी उतारानं यायचं. आता नळ सोडला की कुठंतरी मोटर चालते.

आणि कोकणाचं काय? उन्हाळ्यात वाशिष्ठीला जे पाणी असतं ते बरंचसं कोयनेच्या वीजघरांतून आलेलं. चिपळूण ते पितं, लोट्याचे कारखाने ते वापरतात. वीजनिर्मिती थांबली की चिपळुणात नळाला ओढ बसते. त्याच चिपळूणनं जुलै २०२१ चा पूर बघितला आणि कोळकेवाडीतून पाणी कधी, किती सोडलं असा सवाल केला. त्यांचंही बरोबर आहे. शिवाय पश्चिमेचं पाणी वाचवलं तर ते आपोआप आटपाडीला मिळतं असंही नाही, खाली कर्नाटक आणि तेलंगणा, आंध्र बसलेत, लवाद आहे. २०२३ च्या दुष्काळात तर सांगलीला पाणी सोडण्यावरून साताऱ्याशीच वाजलं. दोन्ही जिल्हे एकाच खोऱ्यातले!

एवढं सगळं असूनही माझं मत असं आहे की पश्चिमेला जाणारं पाणी कमी करता येईल, आणि त्याचं कारण आपल्या राजस्थानात आहे.

कोयना बांधली तेव्हा महाराष्ट्राला वीज हवी होती, कधीही, कशीही. आज परिस्थिती बदलली. नोव्हेंबर २०२० मध्ये राजस्थानातल्या सौर प्रकल्पांच्या लिलावात दर युनिटला २ रुपयांवर आला. भडल्याचं सोलर पार्क एकटं सव्वादोन हजार मेगावॉटचं, कोयनेच्या सगळ्या टप्प्यांहून मोठं. दुपारी इतकी वीज येते की ती न्यायला तारा पुरत नाहीत आणि प्रकल्पांना उत्पादन कमी करा म्हणून सांगावं लागतं. आणि सूर्य मावळला की ओढाताण सुरू. भडला आणि पोफळी आज एकाच ग्रिडवर, एकाच ठोक्यानं चालतात. उत्तर आणि पश्चिमेचं ग्रिड २००६ मध्ये जोडलं गेलं, आणि २०१३ च्या अखेरीला दक्षिणही आली.

मग दुपारचं काम कोयनेनं का करावं? आमच्या भाषेत सांगायचं तर दुपारचं कोयनेचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट हे एका भावाचं सोनंच नाही. एकाचा टंच वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. कोयना फक्त संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी आणि अडीअडचणीला राखून ठेवली, तर ६७.५ मधलं काही पाणी उरतं. आणि टेंभूचे पंप रात्री कोळशावर चालवण्यापेक्षा दुपारच्या सौर विजेवर चालवले, तर चढवण्याचा खर्च निम्म्यावर येईल. म्हैसाळ योजनेसाठी सौर प्रकल्पाचं काम हाती घेतलंच आहे, जतला.

दुसरी गोष्ट, तेच पाणी पुन्हा वर चढवणं. घाटघरला हे चालू आहे २००८ पासून, २५० मेगावॉट. वर एक तळं, खाली एक तळं. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर, महाग विजेच्या वेळी खाली. चार युनिट घालून तीन युनिट मिळतात, पण जी घातली ती नको असलेल्या वेळची, जी मिळाली ती हवी असलेल्या वेळची. भिऱ्यालाही टाटांचं १५० मेगावॉटचं तसंच यंत्र आहे. सह्याद्रीत अशा योजनांच्या करारांचा सध्या धडाकाच लागलाय. माझं म्हणणं एवढंच की नवीन डोंगर फोडायच्या आधी जुन्या टप्प्यांकडं बघा. कोळकेवाडीचं तळं लहान आहे, तिथून फार पाणी वर नेता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण जेवढं नेता येईल तेवढं पाणी समुद्रात जाणार नाही. आणि चिपळूण-लोट्याला किती लागतं ते आधी मोजून बाजूला काढून ठेवा, मग बाकीचा हिशोब करा.

यात एक धोका मला दिसतो आणि तो मी लपवणार नाही. वाचलेलं पाणी टेंभूतून वर गेलं आणि उसात गेलं, तर आपण एवढं बोललो ते फुकट. डाळिंबाला, ज्वारीला, जनावरांना, पिण्याला मिळालं तर गोष्ट वेगळी. पाणी परिषदेनं कुटुंबाप्रमाणं वाटपाची मागणी केली होती ती याचसाठी. ती मागणी आज ऐकायला कमी येते. पाणी दिसायला लागल्यावर माणसं गप्प झाली.

आता गावी जाल, यात्रेला किंवा दिवाळीला, तेव्हा पावसाळ्यात पेपरात येणारी कोयनेची चौकट आठवा. पातळी किती फूट, साठा किती टीएमसी, नवज्याला पाऊस किती, हे सगळं असतं. पश्चिमेला किती सोडलं आणि त्यातलं दुपारी किती, संध्याकाळी किती, हे नसतं. ते मागा. ग्रामसभेत मागा, आमदाराला विचारा. आकडे सरकारकडं पंधरा-पंधरा मिनिटांचे असतात, मी आयुष्यभर तेच बघत बसले होते.

माझी वेळ संपली असं ही मुलगी खुणावतेय. प्रश्न विचारा, पण आटपाडीकरांना पहिली संधी. चहा खालच्या मजल्यावर आहे, जिना जरा अंधारा आहे, जपून उतरा.